कस्टम कीबोर्डचा धंदा: वस्तू विकण्याआधी सेवा विका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण अर्गोनॉमिक मेकॅनिकल कीबोर्ड कसा जुळवतात ते सगळे सुटे भाग टेबलावर मांडून पाहिलं. पण हिशोब, कायदा आणि ग्राहकाशी बोलायचं कसं, हे तीन भाग व्हिडिओत बसले नाहीत. धंदा टिकतो तो याच तीन भागांवर. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

पहिला प्रश्न: पाचशे रुपयांत कीबोर्ड मिळत असताना कोणी हजारो रुपये का देईल?

उत्तर सोपं आहे. जो माणूस दिवसाचे आठ-नऊ तास टाइप करतो, त्याच्यासाठी कीबोर्ड हे हत्यार आहे. शिंप्याला कात्री जशी, तसं. हिंजवडी, मगरपट्टा, ऐरोली इथले सॉफ्टवेअरवाले, भाषांतरकार, डीटीपी ऑपरेटर, अकाउंटंट, लेखक, हे तुमचे संभाव्य ग्राहक. हा बाजार मोठा नाही. गल्लोगल्ली चालणारा धंदा नाही हा. पण जो ग्राहक येतो तो गरज घेऊन येतो, घासाघीस कमी करतो आणि समाधान झालं तर आणखी दोघांना पाठवतो.

साध्या कीबोर्डमध्ये अडचण काय आहे?

ग्राहकाला पटवायचं असेल तर आधी हे तुम्हाला नीट कळलं पाहिजे.

आपण वापरतो ती क्वर्टी मांडणी अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर शोल्स यांच्या टाइपरायटरमधून आली. १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणलं. टाइपरायटरमध्ये प्रत्येक बटणाखाली एक लोखंडी दांडी असायची. दांड्या एकमेकींना अडू नयेत म्हणून बटणांच्या ओळी थोड्या तिरक्या सरकवल्या होत्या. आज दांड्या गेल्या, पण तिरकेपणा तसाच राहिला. शिवाय दोन्ही हात एका अरुंद पट्टीवर जवळ आणावे लागतात, त्यामुळे मनगटं बाहेरच्या बाजूला वळतात.

अर्गोनॉमिक कीबोर्ड यात चार बदल करतो. लक्षात ठेवा, ग्राहकाला समजावताना हेच चार मुद्दे लागतात.

१. दोन तुकडे: डावा आणि उजवा भाग वेगळा. खांद्याच्या रुंदीएवढं अंतर ठेवता येतं, मनगट सरळ राहतं.

२. उभ्या रांगा: बटणं बोटांच्या लांबीप्रमाणे उभ्या रांगांत. मधलं बोट लांब, म्हणून त्याची रांग वर. करंगळी आखूड, म्हणून तिची रांग खाली.

३. उतार: दोन्ही तुकडे आतल्या बाजूने थोडे उचललेले. तळहात पूर्ण पालथा ठेवावा लागत नाही.

४. अंगठ्याला काम: साध्या कीबोर्डवर दोन्ही अंगठे मिळून एकच स्पेसबार दाबतात. इथे एंटर, बॅकस्पेस, लेअर बदलणं अशी कामं अंगठ्यांना दिली जातात.

आत काय असतं?

भाग मोजकेच आहेत. पीसीबी, कंट्रोलर, स्विच, डायोड, कीकॅप, केस आणि फर्मवेअर.

स्विच तीन प्रकारचे. लिनिअर सरळ खाली जातो. टॅक्टाइल मध्येच हलका धक्का देतो. क्लिकी आवाज करतो. ऑफिसात बसणाऱ्या ग्राहकाला क्लिकी देऊ नका, शेजारचा सहकारी आठवड्यात तक्रार करेल. जर्मनीतल्या चेरी कंपनीचा एमएक्स स्विच १९८०च्या दशकापासून चालत आलाय. त्याच्या पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, काइल, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी तसेच स्विच काढले आणि निवड वाढली, भाव उतरले. छोट्या कारागिराला हा धंदा शक्य झाला त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

एक सावधगिरी: काइलचा चॉक हा बुटका स्विच वेगळा. एमएक्सच्या पीसीबीवर तो बसेलच असं नाही, आणि एमएक्सच्या कीकॅपही त्यावर बसतीलच असं नाही. ऑर्डर देण्याआधी पीसीबी कोणत्या स्विचची आहे ते दोनदा वाचा.

आता कॉर्न नावाचा कीबोर्ड घ्या. जपानमधल्या फूस्तान या टोपणनावाच्या डिझायनरची ही खुली रचना आहे. एकूण ४२ बटणं, प्रत्येक हाताला २१. कंट्रोलरला २१ वेगळ्या तारा लागत नाहीत, कारण बटणं ४ आडव्या ओळी आणि ६ उभ्या रांगांच्या जाळीत जोडलेली असतात. म्हणजे १० पिनांवर काम भागतं. कंट्रोलर एकेक ओळ तपासत जातो आणि कोणतं बटण दाबलंय ते ओळखतो. पण जाळीत एक गोची आहे. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली तर चौथंही दाबल्यासारखं वाटतं. ते टाळायला प्रत्येक बटणाला एक डायोड लावतात, बहुतेक वेळा १एन४१४८ हा साधा, स्वस्त डायोड. डायोडवरची काळी रेघ कोणत्या बाजूला हवी ते पीसीबीवर छापलेलं असतं. उलटा लागला की ते बटण मुकं.

कामाचा अंदाज घ्या. ४२ डायोडचे ८४ पॉइंट, ४२ हॉट-स्वॅप सॉकेटचे ८४, दोन कंट्रोलरचे ४८, वर दोन जॅक आणि दोन रिसेट बटणं. सव्वादोनशेच्या आसपास सोल्डर पॉइंट. एकही कच्चा राहिला तर कीबोर्ड परत तुमच्या दारात.

एका खुल्या डिझाइनने शिकवलेला धडा

२०११च्या सुमारास एर्गोडॉक्स नावाच्या दोन तुकड्यांच्या कीबोर्डची रचना सगळ्यांसाठी खुली झाली. फाइल फुकट, कोणीही बनवा. पण सुटे भाग आणून, सोल्डरिंग करून, फर्मवेअर टाकून घेणं सगळ्यांना जमणारं नव्हतं. २०१५ मध्ये एर्गोडॉक्स ईझी नावाने तोच कीबोर्ड तयार जोडून देण्याची मोहीम इंडिगोगोवर आली. डिझाइन फुकट असूनही लोकांनी पैसे दिले. त्यामागची कंपनी, झेडएसए, आजही चालू आहे आणि पुढे तिने मूनलँडर हा स्वतःचा कीबोर्ड काढला.

लोकांनी पैसे कशाचे दिले ते बघा. जोडणीचे, वॉरंटीचे आणि बटणं हवी तशी बदलायच्या सोप्या सोयीचे. म्हणजेच सेवेचे. तुमचा धंदा इथूनच सुरू होतो.

तीन पायऱ्या, उडी मारायची नाही

पहिली पायरी: देखभाल. ग्राहकाकडे आधीच मेकॅनिकल कीबोर्ड आहे. तुम्ही स्विच बदलून देता, उघडून वंगण लावता, खडखडणारे स्टॅबिलायझर दुरुस्त करता, साफसफाई करता. एका स्विचचे चार भाग सुटे होतात: वरचं कवच, दांडा, स्प्रिंग, खालचं कवच. वंगण नाममात्र लावायचं. टॅक्टाइल स्विचच्या दांड्याच्या पायांना लावलं तर धक्काच नाहीसा होतो. या पायरीत भांडवल कमी, जोखीम कमी, हात बसतो.

दुसरी पायरी: जोडणी. भाग ग्राहकाच्या पैशाने, मेहनत तुमची. ग्राहकाच्या हाताप्रमाणे डिझाइन निवडायला मदत करायची, जोडून, तपासून, बटणांची मांडणी बसवून द्यायची.

तिसरी पायरी: तयार वस्तू. स्वतःच्या नावाने बॉक्समध्ये कीबोर्ड. इथे साठा, वॉरंटी, प्रमाणपत्रं, सगळं आलं. किमान पंचवीस-तीस जोडण्या झाल्याशिवाय या पायरीचं नाव काढू नका. पहिल्याच महिन्यात शंभर पीसीबी मागवून कपाटात ठेवणं म्हणजे भांडवलाला कुलूप लावणं.

मराठीत टाइप करणारा ग्राहक आला तर?

हा मुद्दा परदेशी व्हिडिओंत कुठेच सापडणार नाही, म्हणून नीट वाचा. तुमची खरी ताकद इथे आहे.

कीबोर्डला मराठी-इंग्रजी काही कळत नाही. तो फक्त "अमुक जागेचं बटण दाबलं" एवढाच निरोप कॉम्प्युटरला देतो. त्याचं अक्षर करणं हे कॉम्प्युटरचं काम. त्यामुळे मराठी कोणत्याही कीबोर्डवर चालतं, अट एकच: ते बटण तिथे असायला हवं.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. दोन्ही हातांना आलटून पालटून काम मिळतं, त्यामुळे दोन तुकड्यांच्या कीबोर्डवर इन्स्क्रिप्ट छान बसतं. पण 'ड' आणि 'ढ' चौकटी कंसाच्या बटणावर आहेत. 'ऑ'ची मात्रा उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर. 'कृपा'मधला 'ृ' बरोबरच्या चिन्हावर. 'बॅग'मधला अर्धचंद्र आणि ज्ञ, त्र, क्ष, श्र हे आकड्यांच्या ओळीत शिफ्ट दाबून. आता ४२ बटणांच्या कॉर्नवर आकड्यांची ओळ नाही, आणि नेहमीच्या मांडणीत चौकटी कंसही पहिल्या लेअरवर नसतात. म्हणजे 'डोकं', 'गाडी', 'वडापाव' लिहिताना प्रत्येक वेळी लेअर बदला. ग्राहक चार दिवसांत वैतागेल.

म्हणून रोज इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्याला लिली५८सारखा ५८ बटणांचा कीबोर्ड सुचवा. त्यात आकड्यांची ओळ असते. चौकटी कंस, बरोबरचं चिन्ह अशी बटणं पहिल्याच लेअरवर सोयीच्या जागी बसवून द्या. आणि जो इंग्रजी अक्षरांवरून फोनेटिक मराठी टाइप करतो त्याचं ४२ बटणांतही भागू शकतं. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो बजेटचा नाही. "तुम्ही मराठी कशात टाइप करता?" हा विचारायचा.

एखादा विद्यार्थी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षेची तयारी करत असेल तर त्याला सरळ सांगा: "दादा, परीक्षा साध्या कीबोर्डवर आहे, सराव त्याच्यावरच कर. पास झाल्यावर ये." एक विक्री गेली तरी चालेल. त्याच्या क्लासमधले तीस जण तुमचं नाव लक्षात ठेवतील.

पहिले तीन कीबोर्ड असे बनवा

पहिला स्वतःसाठी, दुसरा मित्रासाठी फक्त भागांच्या खर्चात, तिसरा अर्ध्या मजुरीत ओळखीच्या ग्राहकासाठी. तिसरा महिनाभर विनातक्रार चालला तरच चौथ्याची पूर्ण मजुरी घ्या.

साहित्य: तापमान बदलता येणारं सोल्डरिंग स्टेशन, फ्लक्स, बारीक सोल्डर वायर, डिसोल्डर पंप, मल्टिमीटर, चिमटा, आणि धूर ओढून घेणारा छोटा पंखा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथे एकदा स्वतः फिरून या. ऑनलाइन भाव आणि तिथला भाव शेजारी शेजारी लिहा.

क्रम असा ठेवा:

१. कोरी पीसीबी जोडणीला घेण्याआधी कंट्रोलरला फर्मवेअर टाकून बघा. खराब कंट्रोलर सोल्डर करून बसलात तर काढताना पीसीबीही जाते.

२. डायोड, मग सॉकेट, मग जॅक आणि रिसेट, शेवटी कंट्रोलर.

३. स्विच घालण्याआधी चिमट्याने प्रत्येक सॉकेटची दोन टोकं जोडून बघा. स्क्रीनवर अक्षर उमटलं तर ठीक. ४२ च्या ४२ तपासायची, ४१ नाही.

४. हॉट-स्वॅप सॉकेटच घ्या. स्विच बिघडला तर ग्राहक घरीच बदलू शकतो, तुमचा कुरिअर खर्च वाचतो.

५. सुरुवातीला लायटिंग टाळा. एलईडी साखळीत जोडलेले असतात, एक बिघडला की पुढचे सगळे बंद.

६. कंट्रोलर यूएसबी-सीचा घ्या. मायक्रो यूएसबीचं सॉकेट ओढाताणीत उखडतं.

७. दोन तुकड्यांना जोडणारी टीआरआरएस केबल चालू कीबोर्डमधून काढायची नाही, शॉर्ट होऊन कंट्रोलर जाऊ शकतो. ही सूचना ग्राहकाला तोंडी सांगा आणि कीबोर्डच्या तळाला चिकटवूनही द्या.

आता हिशोब

इथे बहुतेक जण फसतात. खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला.

समजा तुम्हाला महिन्याला ४०,००० रुपये सुटायला हवेत. महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. पण यातले निम्मे तास फोन, सामान आणणं, शिकणं, पॅकिंग यात जातात. पैसे मिळवून देणारे तास १००. म्हणजे तासाचा दर ४०० रुपये.

एका कीबोर्डला वेळ: बोलणं आणि मोजमाप १ तास, जोडणी ४, तपासणी १, मांडणी बसवणं १, नंतरची मदत २. एकूण ९ तास. ९ गुणिले ४०० म्हणजे ३,६००. सोल्डर, फ्लक्स, वीज, हत्यारांची झीज मिळून २५० धरा. झाले ३,८५०. बिघाडाची तरतूद १० टक्के, ३८५. मजुरी झाली ४,२३५ रुपये, भाग वेगळे.

नवीन माणूस "नंतरची मदत" हे दोन तास धरतच नाही. आणि ग्राहक फोन करतो तो नेमका त्याच दोन तासांत.

आता खरा प्रश्न. १०० तासांत ९ तासांचे ११ कीबोर्ड होतात. तुमच्या गावात, तुमच्या ओळखीत, दर महिन्याला ११ ग्राहक आहेत का? बहुतेकांचं उत्तर "नाही" असेल. तीन ग्राहक असतील तर वेळेचे पैसे १०,८०० रुपये सुटतात. नोकरी सांभाळून किंवा कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानाला जोड म्हणून हे उत्तम. नोकरी सोडून, कर्ज काढून उतरावं असा हा आकडा नाही. घरच्यांसमोर हाच हिशोब मांडा, मग ठरवा.

अॅडव्हान्सचा नियम: भागांचे पूर्ण पैसे आधी, मजुरीचे अर्धे आधी. ग्राहकाने दिलेले भागांचे पैसे तुमची कमाई नाही, ते वेगळ्या खात्यात ठेवा. या क्षेत्रात ग्रुप बाय नावाची पद्धत आहे: आधी सगळ्यांचे पैसे गोळा करायचे, मग माल बनवायला टाकायचा. माल यायला अनेक महिने लागू शकतात. ग्राहकाच्या पैशाने अशा व्यवहारात पडू नका. माल अडकला तर लोक कंपनीला विचारणार नाहीत, तुम्हाला विचारतील.

कागदपत्रं: छोटं काम, पण टाळायचं नाही

डिझाइनचं लायसन्स: खुलं डिझाइन म्हणजे हवं ते करा असं नाही. काही डिझाइनमध्ये विक्रीला परवानगी असते, काहींत मनाई. प्रत्येकाची लायसन्स फाइल वाचा.

फर्मवेअर: क्यूएमके हे लोकप्रिय फर्मवेअर जीपीएल लायसन्सखाली येतं. ते टाकून कीबोर्ड विकलात तर ग्राहकाला सोर्स कोड उपलब्ध करून देणं बंधनकारक आहे. झेडएमके हे वायरलेससाठी वापरलं जाणारं फर्मवेअर एमआयटी लायसन्सचं आहे, त्याच्या अटी सैल आहेत.

वायरलेस: वायरलेस कीबोर्ड भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणी यादीत आहेत. ब्लूटूथसारख्या रेडिओ उपकरणांना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मंजुरीही लागते. शिवाय लिथियम बॅटरी विमानाने पाठवायचे कडक नियम आहेत. म्हणून सुरुवात वायरवाल्यापासून करा. आणि तिसऱ्या पायरीवर जाण्याआधी वायरवाल्या कीबोर्डसकट सगळे नियम सल्लागाराकडून तपासून घ्या.

जीएसटी: महाराष्ट्रात सेवेसाठी वार्षिक उलाढाल २० लाख आणि फक्त मालासाठी ४० लाख ही नोंदणीची मर्यादा आहे. पण माल परराज्यात विकलात तर मर्यादा न बघता नोंदणी लागते. कीबोर्डवर जीएसटी १८ टक्के. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, ती लगेच करून टाका.

दुखणाऱ्या हाताशी धंदा करताना

तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी काहींची मनगटं खरंच दुखत असतील. तो माणूस आशेने येतो, आणि आशेवर विकणं सोपं असतं. म्हणूनच इथे जपायचं.

"हा कीबोर्ड घेतला की दुखणं जाईल" असं कधीही बोलायचं नाही, लिहायचं नाही, जाहिरातीत टाकायचं नाही. कीबोर्ड हाताची ठेवण बदलतो. उपचार करत नाही. बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो, पकड सुटते असं ग्राहक म्हणाला तर त्याला आधी डॉक्टरकडे पाठवा. ऑर्डर नंतर.

दुसरं, त्याच्या टेबल-खुर्चीचा फोटो मागवा. टेबल उंच असेल, कोपर हवेत लटकत असेल तर कोणताही कीबोर्ड फारसा उपयोगाचा नाही. खुर्ची दोन इंच वर करून पायाखाली पाट घ्यायला सांगा. फुकटात बरं वाटलं तर चांगलंच झालं.

तिसरं, कागदी चाचणी. डिझाइनची मांडणी खऱ्या मापात प्रिंट करा. एमएक्सच्या दोन बटणांमधलं अंतर साधारण १९ मिलिमीटर, पट्टी लावून तपासा. ग्राहकाला कागदावर बोटं ठेवायला सांगा. करंगळी पोहोचते का? अंगठा ताणला जातो का? दहा रुपयांच्या प्रिंटमध्ये चुकीची ऑर्डर वाचते.

चौथं, आधीच सांगून ठेवा: पहिले एक-दोन आठवडे टायपिंगचा वेग पडणार. महिनाअखेरीच्या गडबडीत किंवा डेडलाइनच्या तोंडावर नवा कीबोर्ड सुरू करू नका, जुना जवळ ठेवा. हे आधी सांगितलं तर ग्राहक धीर धरतो. नाही सांगितलं तर तिसऱ्या दिवशी पैसे परत मागतो.

कीबोर्ड दिल्यावर सातव्या आणि तिसाव्या दिवशी तुम्ही स्वतः फोन करा. "कोणतं बटण चुकतंय?" एवढंच विचारा आणि मांडणी बदलून द्या. ते दोन तास तुम्ही आधीच मजुरीत धरलेत.

या आठवड्याचा गृहपाठ

१. ओळखीतल्या अशा दहा जणांची यादी करा जे रोज सहा तासांपेक्षा जास्त टाइप करतात.

२. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: मराठी कशात टाइप करता? हाताला कुठे ताण येतो? कीबोर्डवर आजवर सर्वात जास्त किती खर्च केलाय?

३. वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी पुन्हा मांडा.

दहापैकी दोघांनीही उत्सुकता दाखवली नाही तर सोल्डरिंग स्टेशन विकत घेऊ नका. तुमचे पैसे वाचले, हीसुद्धा कमाईच. दोघांनी जरी "बनवून देशील का?" विचारलं, तर आधी स्वतःचा कीबोर्ड बनवा आणि पंधरा दिवस त्याच्यावरच काम करा. मग त्यांना तो हातात द्या. पुढचं बोलणं आपोआप सुरू होईल.

पुढच्या व्हिडिओत पहिल्या पायरीचं, म्हणजे देखभाल सेवेचं दरपत्रक कसं बनवायचं ते पाहू. तोपर्यंत हिशोब पक्का ठेवा.